निळ्या झारीचा कान

"कान धरून उचललीस ना? खरं सांग."

"हो."

"एका हातानं?"

"दुसऱ्या हातात फोन होता, बाबा."

"फोन फुटला?"

"नाही."

"शाब्बास. जी वस्तू उद्या दुकानात दुसरी मिळते ती वाचवलीस."

लेक टेबलापलीकडे उभी होती. अंगावर ऑफिसचे कपडे, पायात एकच मोजा. तिनं आणलेलं टॉवेलचं गाठोडं टेबलावर उघडं पडलं होतं आणि त्यात तिच्या सासूची जुनी चिनी झारी होती. झारी म्हणायचं ते आता नावालाच. पोटाचे तुकडे झाले होते, मान वेगळी पडली होती, लांब वाकडी तोटी रुसलेल्या माणसासारखी एका बाजूला आडवी होती. तोटी आणि मान यांना धरून ठेवणारी, ढगाच्या आकाराची ती चिमुकली दांडीही सुटली होती. धड राहिला होता तो कान. त्याच्या वरच्या टोकाला मानेची कपरी होती आणि खालच्या टोकाला पोटाचा नाण्याएवढा तुकडा.

"कुणाशी एवढं बोलत होतीस?"

"बोलत नव्हते. फोटो काढत होते. बुडाचा. तुम्हालाच पाठवायला. दर वेळी तुमचं एकच. बुडाचा फोटो काढ, बुडाचा फोटो काढ."

बाप गप्प झाला.

त्याला गप्प करणं सोपं नव्हतं. गल्लीत त्याला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते नाव त्याला काही उगाच पडलेलं नव्हतं. हा माणूस जेवताना दोनदा उठायचा, दाढी करताना अर्ध्या गालावर साबण ठेवून दाराशी कोण आलं ते बघून यायचा. लहानपणी त्याला शिंप्याकडे ठेवला, तर त्यानं चालू मशीनची चाकं मोजायला पट्टा काढला. घड्याळजीकडे ठेवला, तर चालणारी घड्याळं उघडून बघितली, ती का चालतात म्हणून. तिथून निघाला तो फुटकी चिनीमाती जोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या खोलीत येऊन पडला. म्हाताऱ्यानं महिनाभर बघितलं आणि निदान केलं, "हात सोन्याचे आहेत. बूड माकडाचं आहे."

आता देवाची करणी बघा. असल्या माणसाला धंदा मिळाला तो वाट बघण्याचा. फुटलेलं भांडं जोडायचं म्हणजे कसब थोडं आणि थांबणं फार. तुकडा लावायचा, कागदी पट्टीनं बांधायचा, वाळूच्या परातीत असा रोवायचा की त्याचं वजनच त्याला जागेवर दाबून धरील; आणि मग हात मागे बांधून बसायचं. डिंक मुरेपर्यंत शिवायचं नाही. भिंगरीला तेवढंच जमत नसे. सांधा धरला का बघू म्हणून बोट लावायचा आणि ओला सांधा केसभर सरकायचा. केसभर म्हणजे या धंद्यात कोसभर.

यावर तोड काढली ती म्हाताऱ्याच्या मुलीनं, म्हणजे पुढे जी भिंगरीची बायको झाली तिनं. वाळूत भांडं रोवलं की ती त्याला खांद्याला धरून खोलीबाहेर काढायची, दाराला कुलूप घालायची आणि किल्ली कमरेला खोचून आपल्या कामाला लागायची. डिंक मुरला असं तिला वाटलं की दार उघडायचं. लोक म्हणत, जोडतो हा, पण टिकवते ती. तो त्यावर कधी चिडला नाही. खरं बोलणाऱ्यावर चिडायला त्याला वेळ नसायचा.

आणि आज नेमकी बायको घरात नव्हती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तिकडे गेली होती. किल्ली खिळ्याला लटकत होती.

"सासूबाई उद्या संध्याकाळी येतायत," लेक म्हणाली. "सगळेच येतायत. मामांकडून. बाबा, त्या आल्या की आधी कपाटाकडे बघतात, मग माझ्याकडे."

"फूट लपवायची म्हणतेस?"

"दिसायला नको एवढंच म्हणते."

"मी सांधा लपवत नाही. सांधा दिसला पाहिजे, खुपला नाही पाहिजे. हे तुझ्या आजोबांचं..."

"आजोबांना माझी सासू नव्हती."

लेकीनं दुसरा मोजा पर्समधून काढून घातला आणि दारातून वळून म्हणाली, "त्यांना कळता कामा नये. जन्मभर ऐकवतील. तुटलेलं जोडणाऱ्याची लेक, आणि तोडून बसली."

ते वाक्य भिंगरीला बरोबर लागलं, कारण त्यातलं पहिलं अर्धं विहीणबाईंचंच होतं. लग्न ठरवायला गेले तेव्हा त्या हसत म्हणाल्या होत्या, "तुटलेलं जोडणाऱ्यांची लेक येतेय, बरंच झालं, घरात उपयोगी पडेल." सगळे हसले होते. भिंगरीही हसला होता, पण त्याचं लक्ष तिथं नव्हतंच. त्याचं लक्ष होतं त्यांच्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात.

आयुष्यात त्यानं पुष्कळ निळी-पांढरी भांडी हाताळली होती. ताटल्या, वाडगे, झाकणं हरवलेल्या बरण्या. पण अशी झारी हाताला लागली नव्हती. नाशपातीसारखं खाली भरलेलं पोट, त्यावर निळ्या वेली, आणि त्या निळ्यात जागोजागी रंग साकळून झालेले काळपट ठिपके, जुन्या मालात असतात तसे. तांब्यापितळेच्या झारीची चाल मातीला शिकवलेली. कानाच्या टोकाला झाकणाची साखळी अडकवायला बारीक कडी. भिंगरी सोयरीक विसरून उठला आणि कपाटाकडे निघाला. त्याला फक्त नखानं एक टिचकी मारायची होती. अखंड भांडं घंटेसारखं बोलतं, तडकलेलं खोकतं. पण विहीणबाई त्याच्या आधी उठल्या आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"लांबून बघा, व्याहीबुवा."

झारीतले शुक्राचार्य सगळ्यांनी ऐकलेले असतात. झारीपुढे आडवी उभी राहिलेली विहीण भिंगरीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. घरी येताना बायकोला म्हणाला, "माझे हात काय चिखलाचे आहेत?" बायको म्हणाली, "चिखलाचे नाहीत, चळवळे आहेत. तिनं ओळखलं." पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. त्या बाई ती झारी कुणालाही शिवू देत नसत. पुसायची तरी स्वतः, तेही दार लावून. गर्व, दुसरं काय. तेव्हापासून तो लेकीच्या मागे लागला होता. निदान बूड तरी दाखव. बुडाच्या कड्यावर माती उघडी असते, तिच्यावरून भांड्याचं गोत्र कळतं.

तर आता बूड त्याच्या समोर होतं. शांतपणे, पालथं. आणि बघायची हौस फिटली होती.

त्यानं कामाला सुरुवात केली ती पायांवर नाचतच. एरवीची रीत अशी की कितीही घाई असो, प्रत्येक तुकड्याची कड आधी कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुवायची आणि वाळवायची. मग डिंकाशिवाय, नुसत्या पट्ट्यांवर सगळं भांडं एकदा उभं करून बघायचं. कोणता तुकडा आधी, कोणता शेवटी, ते तेव्हा ठरतं. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा दाराबाहेर राहतो; घर भरलेलं आणि पाहुणा उंबऱ्यावर. पण ही फूट ताजी होती. कडा दुधासारख्या पांढऱ्या. ताज्या जखमेला धुवायचं काय, असं तो स्वतःशी म्हणाला आणि ब्रशाकडे बघितलंही नाही; कोरडं उभं करून बघणंही घाईत सोडून दिलं. बायको असती तर तिनं दारातूनच विचारलं असतं, धुतलेस का. पण ती बहिणीच्या गुडघ्यापाशी बसली होती.

बुडाला पोटाचा पहिला तुकडा लागला. मग कान, त्याच्या खालच्या नाण्यासकट. मग शेजारचे. डिंक लावायचा, पट्टी ओढायची, परातीची वाळू सारखी करायची. मधे तो उठून रस्त्यावर डोकावून आला. पाणी प्याला. पुन्हा बसला. सांध्याला बोट लावू नये म्हणून त्यानं उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला, तर डावा कधी गेला ते कळलं नाही. तरी जमत गेलं. मान बसली. तोटी बसली. ढगाची दांडी बसली. राहिला मानेखालचा शेवटचा तुकडा, त्रिकोणी, वर अर्धं निळं फूल असलेला.

तो बसेना.

भिंगरीनं फिरवून बघितला, दाबून बघितला, फुंकर मारून बघितली. एका बाजूनं बसायचा, दुसऱ्या बाजूनं नखाच्या जाडीएवढा वर उठून राहायचा. त्याच्या कपाळावर घाम आला. हे शिकाऊ पोराचं पाप होतं. तो स्वतः पोरगा असताना म्हाताऱ्यानं यासाठी त्याच्या पाठीत ब्रश घातला होता. खोलीत चार फेऱ्या मारल्या, खिडकी उघडली, लावली, आणि शेवटी मनाशी कबूल केलं की उलगडायचं. सगळं. मुळापासून.

सकाळी त्यानं टबात कढत पाणी भरलं आणि झारी आत सोडली. डिंक सुटायला वेळ लागतो. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"किल्ली कुठाय?"

"खिळ्याला."

"म्हणजे बोट लावलंस."

"नाही लावलं. दुसरंच बिघडलंय."

"कडा धुतल्यास?"

पलीकडून तिच्या बहिणीचं कण्हणं ऐकू येत होतं. "ठेवते," बायको म्हणाली, "इथं गुडघा जोडणारा तरी शहाणा निघावा."

त्यानं फोन ठेवून टबात हात घातला आणि तुकडे एकेक करून कापडावर काढायला लागला. नाण्यासकट कान काढला आणि त्याच्या बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं. नाण्याच्या कडेवर पांढरं, भिजलेल्या साबणासारखं काहीतरी सुटत होतं. डिंक त्याचा नव्हता. त्यानं ते नखानं खरवडलं, वास घेतला. शिळा, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. मग कापडाकडे बघितलं, तर कापडावर निळा डाग.

आता जुन्या झारीची निळाई काही पुसून जात नाही. ती काचेसारख्या झिलईच्या आत असते. भांडं मातीत गाडून ठेवा, निळं ते निळंच. वरून फासलेली तेवढी कापडाला लागते. भिंगरीनं कान तोंडाजवळ नेला आणि दातावर हलकेच आपटला. वर टक्क वाजलं. खाली नाण्याजवळ आपटला, तिथं नुसतंच मऊ, लाकडावर वाजावं तसं.

कान एकदा निघालेला होता. फार पूर्वी नव्हे; रंग या जमान्यातला होता. कुणीतरी पांढरी भुकटी मिसळलेल्या डिंकानं बसवून, वर वेली रंगवून, सांधा असा बुजवला होता की नजरेला कळू नये. त्याच जुन्या डिंकाचा थर कडेवर राहिला आणि केसभरानं सगळं घर बिघडलं. आणि लेकीच्या हातून जे निखळलं तेही तिथंच. एका हातानं उचललं हे तिचं चुकलंच, पण कान आधीपासून उसना उभा होता.

त्याला हसूही आलं आणि रागही. कुणाला सांगावं म्हणून तो कान हातात घेऊनच दाराकडे वळला, तर दारात विहीणबाई.

प्रवासाच्या पिशवीसकट. एकट्याच. चेहरा उतरलेला.

"तुम्ही संध्याकाळी येणार होतात," भिंगरी म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"भावजयीशी खटकलं. म्हटलं निघते पुढे. हे आणि मुलगा येतायत मागून." त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यावरूनच टेबलाकडे बघत होत्या. "घरात शिरले, कपाट रिकामं. सूनबाई ऑफिसात. म्हटलं, जोडणाऱ्याची लेक दुसरीकडे कुठं नेणार."

"तिचा काही..."

"कानच निघाला ना?"

कान भिंगरीनं त्यांना बघताच पाठीमागे लपवला होता. टबातले नि कापडावरचे तुकडे दाराशी उभ्या असलेल्या बाईला ओळखू येण्यासारखे नव्हते. आणि फुटल्याचं अजून कुणी बोललंही नव्हतं.

विहीणबाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच, उंबऱ्यावर, बसकण मारली.

"बसा की आत," भिंगरी म्हणाला.

"आत नको. इथंच बरी आहे." पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "नवी नवरी होते. सासूबाई झोपल्या होत्या. मला बघायचं होतं, तोटीतून पाणी कसं पडतं. पाणी भरलं, उचलली, कान हातात आणि बाकीची गालिच्यावर. गालिचा होता म्हणून वाचली. माहेरी नेते म्हणून दुपट्यात गुंडाळून नेली, तिथं एक पाट्या रंगवणारा होता, त्यानं बसवून दिला. सासूबाई गेल्या तरी त्यांना कळलं नाही. यांना अजून माहीत नाही."

"आणि मी टिचकी मारायला आलो तेव्हा..."

"जीव गेला होता माझा. सगळ्या दुनियेतून लेकाला मुलगी मिळाली ती तुमची."

भिंगरी हसला. आधी नाकातून, मग पोटातून. इतकी वर्षं तो त्या बाईला गर्विष्ठ म्हणत आला होता, आणि ती बिचारी कपाटाला पाठ लावून एका रंगाऱ्याची कारागिरी राखत होती. जो कुणी कपाटाजवळून गेला त्याच्याबरोबर तिचा जीव गेला आणि आला. त्याच्या लक्षात आलं की आपल्यापेक्षा जास्त चुळबूळ या बाईनं केली आहे, फक्त खुर्चीवर बसून.

"हसू नका. हे संध्याकाळपर्यंत येतील. काय सांगू? आणि हे बघा, सूनबाईला यातलं काही कळता कामा नये."

"ती म्हणाली, तुम्हाला कळता कामा नये."

"मग नका कळवू."

"कुणाला?"

"कुणालाच."

"विहीणबाई, मी जोडणारा आहे. गुपितांची तिजोरी नाही."

विहीणबाईंनी तुकड्यांकडे बघत विचारलं, आता पुन्हा रंगवणार का. भिंगरीनं मान हलवली. सांधा धरेल, हातात घेतली तर निघणार नाही. पण कानाखाली नाण्याभोवती बारीक रेघ दिसणार, मानेखाली दिसणार. रंग तो फासत नाही. लेकीसाठी फासायचा म्हणून काल रात्री मन तयार केलं होतं, पण आता हा निळा डाग बघितल्यावर हात वळायचा नाही. पुन्हा कुणी उचलील, पुन्हा तीच गत.

विहीणबाईंनी पदरानं चेहरा पुसला. मग त्या एकदम सरळ झाल्या.

"यांना मी सांगते. माझ्या हातून पडली म्हणून."

"खोटं?"

"खोटं कुठे? पडलीच होती माझ्या हातून. सांगायला उशीर झाला एवढंच."

भिंगरीला ते चालणार होतं, कारण त्यात लेक सुटत होती. त्यानं ब्रश घेतला आणि कडा धुवायला लागला. एकेक, सावकाश, जुना पांढरा लगदा पूर्ण निघेपर्यंत. विहीणबाई आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि धुतलेले तुकडे कापडावर ओळीनं मांडायला लागल्या. अखंड भांडं बुडाखालून धरावं तसा एकेक तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. कोरडं भांडं पट्ट्यांवर उभं राहिलं तेव्हा शेवटचा त्रिकोण आपणहून जागेवर गेला. बारीकसा आवाज झाला, डब्याचं झाकण बसावं तसा.

मग डिंक. मग वाळू. आणि मग भिंगरीचं बोट पुढे सरकलं.

"हं," विहीणबाई म्हणाल्या.

"धरलंय का बघतो फक्त."

"सूनबाई सांगत असते. किल्ली कुठाय?"

त्यानं खिळ्याकडे बोट केलं. विहीणबाईंनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि दाराशी स्टूल टाकून बसल्या. कपाटापुढे उभ्या राहिल्या होत्या तशाच. फक्त आज बसल्या होत्या.

संध्याकाळी लेक धावत आली ती सासूला तिथं बघून पायरीवरच थिजली. एक पाय वर, एक खाली. पर्स छातीशी धरलेली.

"ये," सासू म्हणाली. "यांचा फोन आला होता, घरी पोचलेत. मी सांगितलंय, झारी माझ्या हातून पडली. तू मधे बोलायचं नाही."

"पण आई, मी..."

"मधे बोलायचं नाही म्हटलं ना. आणि परत उचलशील तेव्हा बुडाखालून, दोन्ही हातांनी. बापानं एवढंही शिकवलं नाही."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाकडे वळून ती हळूच म्हणाली, "बाबा, बघितलंत? माझ्यासाठी स्वतःवर घेतलं त्यांनी. आणि तुम्ही त्यांना काय काय म्हणायचात."

भिंगरीनं तोंड उघडलं. विहीणबाईंनी किल्लीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं तोंड मिटलं. ओला सांधा दिसावा आणि बोट लावता येऊ नये, तसं त्याला झालं. आणि हा सांधा मुरायला किती दिवस लागतील याचा काही नेम नव्हता.

"बरं," तो म्हणाला आणि पुढच्या पडवीत निघून गेला. तिथं एका खानावळीचा साखरेचा वाडगा पडून होता, काठ उडालेला. तो त्यानं उचलला, ब्रश ओला केला, आणि उभ्याउभ्याच त्याची कड धुवायला लागला.